बाळाला नेमकं झालंय तरी काय? उत्तर शोधायची वाट, ढाणकीपासून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलण्याचा ढंग मुद्दामच तसाच ठेवलाय.

आजचा विषय थोडा जड आहे. मूल दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही. किंवा चालतं, पण सारखं पडतं. नावाने हाक मारली तर बघत नाही. वजन वाढत नाही, मधेच झटके येतात. डॉक्टर बदलून झाले, देव करून झाले, फाइल जाड होत गेली, आणि "झालंय काय?" याचं उत्तर मात्र कुणीच देत नाही.

तुम्ही म्हणाल, आमची अजून लग्नं नाही झाली, आम्हाला काय करायचंय? पण बघा, ताईचं किंवा दादाचं बाळ आजारी पडलं की रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर कुणाला येतात? तुम्हालाच. म्हणून हे तुम्हाला माहीत पाहिजे.

"होईन ना बा हळूहळू"

आपल्या ढाणकीकडे हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. "याचा बापही उशिराच बोलला होता." कधी कधी ते खरंही असतं. पण काही खुणा पाठ करून ठेवा. चार महिन्यांपर्यंत मान धरायला हवी. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसायला हवं. दीड वर्षापर्यंत चालणं आणि एखाद-दोन शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं. हे झालं नसेल तर तपासणी करायची, घाबरायचं नाही.

एक खूण मात्र सगळ्यांत गंभीर. आधी येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, म्हणजे बसायचं ते बसेनासं झालं, बोलायचं ते बंद झालं, तर वय कितीही असो, थांबायचं नाही.

आधी दुरुस्त होणारं शोधा

मी सॉफ्टवेअरवाला. सिस्टीम बंद पडली की आम्ही पहिल्यांदा सगळ्यात अवघड कारण शोधत नाही. जे लगेच तपासता येतं आणि लगेच दुरुस्त होतं, ते आधी बघतो. इथेही तसंच.

मूल बोलत नाही? आधी ऐकू येतं का ते बघा. टाळी वाजवून नाही, बेरा नावाची तपासणी करून. बाळ झोपेत असताना ती होते.

मूल सुस्त आहे, वाढ मंद आहे? थायरॉइड बघा. जन्मतःच थायरॉइड कमी असणारं बाळ साधारण हजारेक जन्मांमागे एक असतं. रोजची एक छोटी गोळी पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली, तर मेंदूची वाढ जवळपास नेहमीसारखी होते. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येत नाही.

आईच्या जेवणात दूध, अंडी, मांस जवळजवळ नाही, आणि बाळ वर्षभर फक्त अंगावरच्या दुधावर आहे? बी-१२ बघा. ते कमी पडलं की बाळ मलूल होतं, शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. उपचार म्हणजे इंजेक्शन, आणि फरक लवकर दिसतो.

तीन-चार वर्षांचा मुलगा सारखा पडतो, जिना चढता येत नाही, उठताना मांडीवर हात टेकतो, पोटऱ्या जाड दिसतात? मग सीपीके ही रक्ततपासणी. स्नायूंच्या आजारात एसजीओटी-एसजीपीटीही वाढतात. त्यामुळे काही मुलांवर महिनोन्महिने लिव्हरचे उपचार चालतात आणि मूळ दुखणं स्नायूंचं निघतं.

एका आईचा हट्ट

१९३४ ची गोष्ट, नॉर्वेमधली. एका आईची दोन्ही मुलं मागे पडत चालली होती, आणि त्यांच्या अंगाला वेगळाच वास यायचा. ती डॉक्टरांमागून डॉक्टर फिरली. शेवटी आस्ब्योर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर रंग हिरवा झाला. तो असायला नको होता. तिथून पीकेयू हा आजार सापडला: अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही आणि तो मेंदूला इजा करतो. तिच्या मुलांना उशीर झाला होता. पण पुढे खास आहार आला. १९६० च्या दशकात टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर नवजात बाळाची तपासणी सुरू झाली आणि पुढची असंख्य मुलं वाचली. वासाची तक्रार त्या आईने सोडून दिली असती तर?

मग जीन्स

साध्या तपासण्यांत काही सापडलं नाही, तर डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात. आपला डीएनए म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा कोड. मायक्रोअॅरेमध्ये कोडचा मोठा तुकडा गळालाय की जास्त झालाय ते कळतं. एक्झोममध्ये प्रोटीन बनवणारा एक-दोन टक्के भाग अक्षर न् अक्षर वाचला जातो. आई, वडील आणि मूल तिघांचं एकत्र केलं तर उत्तम. आम्ही जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून डिफ काढतो ना, अगदी तसं.

आता नीट ऐका. एक्झोममधून साधारण तीनांतल्या एका कुटुंबाला उत्तर मिळतं, कधी त्याहून थोड्या जास्तांना. बाकीच्यांना "काही सापडलं नाही" किंवा "बदल आहे, पण अर्थ नक्की नाही" असा रिपोर्ट येतो. तो रिपोर्ट फेकू नका. विज्ञान पुढे गेलं की दीड-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला सांगता येतो.

आणि दोष कुणाचा? आईने ग्रहण पाळलं नाही, असलं काही नसतं. प्रत्येक माणूस जन्मतः ६०-७० नवे बदल घेऊन येतो, जे आईतही नसतात आणि बापातही नसतात. त्यातला एखादा चुकीच्या जागी पडतो, एवढंच. दुसरा प्रकार म्हणजे आईवडील दोघंही एकाच बदलाचे वाहक. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे तिथे याची शक्यता वाढते. अशा वेळी प्रत्येक गरोदरपणात मूल बाधित होण्याची शक्यता २५ टक्के. बदल नेमका माहीत असेल तरच पुढच्या गरोदरपणात सुरुवातीला तो तपासता येतो. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी नाव शोधणं इतकं महत्त्वाचं.

जायचं कुठे?

सुरुवात अंगणवाडीतून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. पुढे जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाचं केंद्र असतं. कान, डोळे, बोलणं, फिजिओथेरपी हे सगळं एका छताखाली मिळावं ही त्यामागची कल्पना.

आपला जिल्हा यवतमाळ, पण ढाणकीहून नांदेड जवळ. दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दुर्मीळ आजाराचा संशय असेल तर मुंबईचं केईएम, किंवा हैदराबादचं निम्स आणि सीडीएफडी. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ही ठरवून दिलेली केंद्रं आहेत, आणि धोरणातल्या आजारांसाठी तिथून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

तुमच्या फोनचं काम

एक: सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका. दोन: झटका किंवा विचित्र हालचाल दिसली की व्हिडिओ काढा, कारण डॉक्टरांसमोर ती बहुतेक वेळा होतच नाही. तीन: एका पानावर लिहा, जन्म कसा झाला, बाळ लगेच रडलं का, काय कधी शिकलं, काय कधी विसरलं, घराण्यात असं आणखी कुणी आहे का. डॉक्टरकडे पाच मिनिटं मिळतात, आणि हे एक पान त्यांना जाड फाइलपेक्षा लवकर वाटेला लावतं.

नाव मिळेपर्यंत

शेवटचा मुद्दा, आणि एकच लक्षात राहणार असेल तर हाच राहू द्या. उत्तर मिळायला कधी वर्षं लागतात, कधी ते मिळतच नाही. पण फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, झटक्यांची औषधं, चष्मा, श्रवणयंत्र यांना आजाराच्या नावाची गरज नसते. पहिली काही वर्षं मेंदू सगळ्यात जास्त शिकतो, आणि ती वर्षं रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसुद्धा मुलाला काय जमतं, काय नाही यावर मिळतं, जीनच्या नावावर नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंत खर्च निघतो, त्यात थेरपीही येते.

म्हणजे शोध चालू ठेवायचा आणि थेरपीही आजच सुरू करायची. घरात असं बाळ असेल तर हा एपिसोड ताईला, वहिनीला पाठवा. आणि नुसता फॉरवर्ड करू नका, अंगणवाडीत सोबत जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!