घरातली रेल्वे वाढवायची तर रुळांच्या आधी घरच्यांशी बोलावं लागतं, ते का?

ब्रिटनचा रॉक गायक रॉड स्टुअर्ट. हा गडी गाण्याच्या दौऱ्यावर निघाला की हॉटेलात एक खोली जास्तीची घ्यायचा. पार्टीसाठी नाही, तर तिथं बसून छोट्या छोट्या इमारती बनवायला आणि रंगवायला.

या इमारती जायच्या लॉस एंजेलिसच्या घरी. तिथं वरच्या मजल्यावर त्यानं जुन्या काळातलं एक अमेरिकी शहर आणि त्यातून धावणारी रेल्वे उभी केली. वेळ लागला २३ वर्षं. २०१९ मध्ये 'रेल्वे मॉडेलर' मासिकात त्याचे फोटो आले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली.

आता त्याच्याकडं आख्खा मजला होता, पैसाही होता. पण अमेरिकेत हा नाद असलेल्या साध्या माणसाकडं काय असतं? घराचं बेसमेंट. त्यात वॉशिंग मशीन, हिवाळ्याचे कपडे, मुलांच्या सायकली. आणि एके दिवशी तो म्हणतो, "लेआऊट जरा वाढवू म्हणतो."

लेआऊट म्हणजे रूळ, स्टेशन, डोंगर, बोगदे मिळून झालेला सगळा देखावा. आणि हे 'जरा' कधीच जराचं राहत नाही. कसं, ते गणितानं बघू.

सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे 'एचओ'. यात सगळं काही खऱ्याच्या ८७ पट लहान. म्हणजे खरा एक किलोमीटर इथं साडेअकरा मीटरचा होतो. साडेअकरा मीटर घरात आणायचे कुठून? म्हणून गाडी गोल फिरवावी लागते. या मापात वळणाची त्रिज्या बऱ्याचदा १८ इंच धरतात. म्हणजे अर्धं वळण घेऊन परत यायला तीन फूट रुंदी, आणि कडेची जागा धरून चार फूट. अमेरिकेत प्लायवूड मिळतंच चार बाय आठ फुटांचं, त्यामुळं बहुतेकांची पहिली रेल्वे त्याच एका फळीवर होते.

पण फळी भिंतीला चिकटवून चालत नाही. पलीकडच्या कोपऱ्यात डबा घसरला तर हात पोचत नाही. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वाट ठेवली की झाली आठ बाय बाराची खोली. आपल्याकडं एवढ्यात एखाद्याचा हॉल बसतो!

मग पुढची हौस, एका रुळावरून दुसरा रूळ नेणारा पूल. गाडी चढावी म्हणून चढ साधारण दोन टक्के ठेवायचा. म्हणजे तीन इंच वर जायला साडेबारा फूट लागतात आणि उतरायला तेवढेच. एका पुलासाठी २५ फूट रूळ.

त्यामुळं जाणकार लोक मधली फळी काढून भिंतीकडेनं फूटभर रुंद फळ्या लावतात. त्याच खोलीत रूळ जवळपास दुप्पट होतात, मधली जागा मोकळी राहते. अडचण एकच, खोलीला दार असतं. रूळ दारासमोरून जाणार म्हणजे कपड्यांची बादली घेऊन येणाऱ्यानं वाकून जायचं. महिन्याभरात भांडण ठरलेलं. यावर उपाय उचलता येणाऱ्या पुलाचा. मात्र पूल उचलला की दोन्ही बाजूंच्या रुळांतली वीज आपोआप बंद होईल अशी जोडणी हवी, नाहीतर महागडं इंजिन थेट फरशीवर.

विजेचंही वेगळंच. रूळ लांबले की दूरच्या टोकाला दाब कमी पडतो, गाडी तिथं रेंगाळते. म्हणून टेबलाखालून तांब्याच्या जाड तारा नेऊन दर काही फुटांवर बारीक तारेनं रुळांना जोडतात. हे काम टेबलाखाली उताणं पडून, हातात गरम सोल्डरिंग गन धरून. वर बाळ रडत असेल तर हे होत नाही, आणि करूही नये.

आणि घरात गोष्टी घडतच असतात. नोकरी जाते, दुसरं मूल होतं, आजारी आईला खालच्या खोलीत आणावं लागतं. भिंतीला ठोकलेला लेआऊट अशा वेळी फोडावाच लागतो. दहा वर्षांचं काम एका रविवारी कचऱ्यात जातं. माझ्या मते वाढवताना सगळ्यात आधी याचाच विचार व्हायला हवा.

तो विचार झालाही आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात 'एनट्रॅक' ही पद्धत निघाली. दोन बाय चार फुटांचे सुटे भाग, प्रत्येकाच्या टोकाला रूळ ठरलेल्याच जागी. त्यामुळं कुणाचाही भाग कुणाच्याही भागाला जोडता येतो. घरी एवढाच एक भाग करायचा, वेळ मिळेल तसा दुसरा. घर बदललं तर बोल्ट काढून दोघांनी जिन्यातून न्यायचा. खिळे आणि गोंद यांच्याऐवजी बोल्ट, फरक एवढाच.

आपल्याकडं हे सगळं चालताना बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी रेल्वे म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ मध्ये लोकांसाठी उघडलेलं.

पण घर आणि रेल्वे यांचं भांडणच असतं असंही नाही. गायक नील यंगचा एक मुलगा सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मला. त्याला बोलता येत नाही, हातांवर ताबा नाही. कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवरच्या कोठारात यंगनं मोठा लेआऊट उभारला आणि मुलाला स्वतः गाडी चालवता यावी म्हणून मोठ्या बटणाचा कंट्रोल बनवून घेतला. त्या खटपटीतून पुढं गाड्या वायरलेस चालवायचं तंत्र बाजारात आलं. त्यानं त्यावर पेटंटही घेतली. १९९५ मध्ये 'लायोनेल' ही खेळण्यातल्या रेल्वेची जुनी अमेरिकी कंपनी ज्यांनी विकत घेतली, त्यांत तो भागीदार होता.

२०१७ मध्ये त्यानं आपल्या संग्रहातल्या बऱ्याच गाड्या लिलावात काढल्या.