मुलाचे रडणे आणि डोळ्यांची तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक सुरगाण्याच्या अंगणवाडीत आले, की मूल आईच्या पदराआड दडते. त्याला दटावू नये. आईने मांडीवर घ्यावे, घरच्या बोलीत समजवावे, बॅटरी आधी त्याच्याच हाती द्यावी. तक्त्यावरील तीन दात्यांची खूण जिकडे वळलेली, तिकडे बोटे करावयाची. हा खेळ आदल्या दिवशी घरीच खेळावा. एक गोष्ट मात्र आम्ही आवर्जून सांगतो. एक डोळा झाकल्यास मूल स्वस्थ बसते, पण दुसरा झाकताच हात झिडकारते, तर तो हट्टच असेल असे नव्हे. उघड्या डोळ्यास कदाचित अंधुक दिसत असेल. मंद पडलेल्या डोळ्यावर सात वर्षांच्या आत उपचार अधिक गुणकारी ठरतात. म्हणून रागावण्यापूर्वी ते रडणे डॉक्टरांच्या कानी घालावे.