चंचल मुलांचे भावविश्व

लहान मूल म्हटले की चापल्य आलेच. धावणे, पडणे, हट्ट करणे, रुसणे आणि पुन्हा हसणे हे बालपणाचे सहज अलंकार आहेत. परंतु काही मुलांची चंचलता वयाच्या मानाने फार अधिक असते. त्यांना एका जागी बसवत नाही, हाती घेतलेले काम तडीस नेता येत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबता येत नाही. घरच्यांना याहूनही बुचकळ्यात टाकते ती त्यांच्या भावनांची गती. क्षुल्लक कारणाने राग भडकतो, झालेला आनंदही आवरत नाही आणि घटकाभरात सारे विसरून मूल पुन्हा खेळू लागते. अशा मुलाला ‘व्रात्य’, ‘हट्टी’, ‘उद्धट’ ही विशेषणे फार लवकर चिकटतात. ती कितपत न्याय्य आहेत हे ठरवण्यापूर्वी स्वभाव, विकार आणि भावनांचे नियमन यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

विकाराची ओळख

वैद्यकशास्त्र या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणते. ‘एडीएचडी’ हे त्याचे रूढ संक्षिप्त नाव. जगभरातील पाहण्यांचा एकत्र विचार करता शंभरातील सुमारे पाच मुलांमध्ये तो आढळतो. निदान करताना तज्ज्ञ काही गोष्टी कटाक्षाने पाहतात. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे मुलाच्या दैनंदिन जीवनात खरोखर अडथळा येत असावा. केवळ वर्गात कंटाळणारे किंवा केवळ आजोळी दंगा करणारे मूल या व्याख्येत बसत नाही. हे निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक होते. मुलींमध्ये पुष्कळदा अतिचंचलता कमी आणि अवधानाची उणीव अधिक असते. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहत राहणाऱ्या मुलीची अडचण त्यामुळे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

1902 साली लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशा काही मुलांचे वर्णन केले. बुद्धी चांगली असूनही या मुलांना भावनांचा उद्रेक आवरता येत नाही, हे त्यांनी नोंदवले. मात्र त्यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील उणीव मानले. पुढे 1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत अवधानाला मध्यवर्ती स्थान दिले आणि भावनांचा प्रश्न काहीसा मागे पडला. आजही चटकन चिडणे किंवा निराशा सहन न होणे हा निदानाचा मुख्य निकष नाही. विकाराबरोबर पुष्कळदा आढळणारे लक्षण एवढेच त्याचे स्थान आहे. अनेक घरांत मात्र खरा ताण निर्माण होतो तो याच लक्षणामुळे.

स्वभाव आणि परिस्थिती यांची जुळणी

प्रत्येक मूल जन्मतःच काही स्वभावधर्म घेऊन येते. 1956 साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने तान्ह्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. चपळता, नियमितता, नव्या गोष्टीशी जुळवून घेणे, भावनांची तीव्रता, लक्ष विचलित होणे, चिकाटी अशा एकूण नऊ अंगांनी त्यांनी मुलांचे स्वभाव पाहिले. कोणताही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो, मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांची जुळणी कशी होते यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही जुळणी एखाद्या प्रत्यक्ष वस्तीच्या संदर्भात पाहिली तर अधिक स्पष्ट होते. वाराणसीच्या ब्रह्मा घाटाचे उदाहरण घ्यावे. ब्रह्मा, दुर्गा आणि पंचगंगा या जवळजवळच्या घाटांवरील गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून उभी आणि खाली गंगेत उतरणाऱ्या उंच पायऱ्या. अशा ठिकाणी वाढणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या एका अतिचंचल मुलाची कल्पना करावी. गच्चीवर पतंग उडवताना, गणेशोत्सवात आरास मांडताना हे मूल सर्वांच्या पुढे असते आणि त्याच्या उत्साहाचे कौतुक होते. तेच मूल बेभान होऊन पायऱ्यांवरून पाण्याकडे धावत सुटले की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. दुपारी आजोबा झोपलेले असताना एका खोलीत गप्प बसण्याची वेळ आली की त्याचा तोच उत्साह अपराध ठरतो. मूल तेच असते. त्याच्याकडून असलेली अपेक्षा तेवढी बदललेली असते.

व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासांतूनही असेच चित्र दिसते. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये सरासरीने नियमितपणा व काटेकोरपणा कमी आणि चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती अधिक आढळते. परंतु सरासरीवरून एकेका मुलाची पारख होत नाही. या मुलांत कोणी बोलके व धिटाईचे असते, कोणी लाजरे, तर कोणी अतिशय हळवे. विकाराचे नाव एक असले तरी स्वभाव निरनिराळे असतात.

भावनांचे नियमन

भावनांचे नियमन म्हणजे भावना दडपणे नव्हे. राग येणे स्वाभाविक आहे. राग येणे आणि हात उगारणे यांमध्ये क्षणभराचे अंतर राखता येणे, हे नियमन होय. वर कल्पिलेल्या मुलाचा पतंग शेजारच्या गच्चीवरील मुलाने कापला, असे समजावे. वाईट सर्वांनाच वाटते. दुसरे मूल हिरमुसते, दोन शब्द बोलते आणि नवा पतंग घेते. हे मूल मात्र फिरकी आपटून मोडते आणि धाकट्या भावाला ढकलते. पाच मिनिटांनी मोडलेली फिरकी पाहून तेच रडू लागते. चूक त्याला कळते, परंतु कळण्यापूर्वीच कृती होऊन गेलेली असते.

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी या प्रक्रियेचे टप्पे मांडले आहेत. कोणत्या परिस्थितीत जायचे हे ठरवणे, त्या परिस्थितीत बदल करणे, लक्ष दुसरीकडे वळवणे, घडल्या गोष्टीचा निराळा अर्थ लावणे आणि सर्वांत शेवटी उसळलेली प्रतिक्रिया आवरणे, असे ते पाच टप्पे आहेत. भावना पेटण्यापूर्वीच्या टप्प्यांवर केलेला उपाय सहसा अधिक सुकर असतो. वडीलधारी मंडळी मात्र नेमकी शेवटच्या टप्प्यावर ‘शांत हो’ असे बजावतात. ‘पतंग कापला जाणे हाही खेळाचाच भाग आहे’ हे वाक्य खेळ सुरू होण्यापूर्वी सांगितले, दुसरा पतंग आधीच तयार ठेवला, तर त्याचा उपयोग अधिक होतो.

मेंदूची वाढ

क्षणभर थांबण्याचे हे सामर्थ्य मुख्यतः मेंदूच्या कपाळामागील भागाशी निगडित आहे. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 223 एडीएचडी असलेल्या आणि तितक्याच इतर मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांची तुलना करण्यात आली. मेंदूच्या बाह्यावरणाच्या वाढीचा एक ठरावीक टप्पा इतर मुलांनी सरासरी साडेसातव्या वर्षी गाठला होता. एडीएचडी असलेल्या मुलांना तो गाठायला साडेदहावे वर्ष लागले. वाढीचा क्रम दोन्ही गटांत बहुतांशी सारखाच होता आणि विलंब कपाळामागील भागांत विशेष होता.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचेही दिसून आले आहे. आईचे लाड, वडिलांचे दुर्लक्ष किंवा अधिक साखर खाणे हे त्याचे कारण नव्हे. संगोपनाने हा विकार जन्माला येत नाही. मात्र पुढे तो कोणते वळण घेतो, यावर संगोपनाचा परिणाम निश्चित होतो.

बाहेरचा आधार

आतील आवर कच्चा असेल तर काही काळ तो बाहेरून द्यावा लागतो. हे तत्त्व समजण्यासाठी काशीतील मराठी वैदिकांच्या घरांतील संथा देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गुरू एक लहानसा भाग म्हणतात, शिष्य तो दोनदा म्हणतो. चूक झाली तर ती तेथल्या तेथे सुधारली जाते. काही शाखांत स्वरांप्रमाणे हातही हलतो. वेळ आणि बैठक ठरलेली असते. ही रीत एडीएचडीसाठी निर्माण झालेली नाही आणि तिला त्यावरील उपचारही म्हणता येणार नाही. परंतु कामाचे लहान तुकडे, तात्काळ प्रतिसाद, शरीराला मिळणारी हालचाल आणि ठरलेली वेळ या चारही गोष्टी आजचे तज्ज्ञ अशा मुलांसाठी सुचवतात.

घरातही हे साधता येते. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती थोडक्यात द्यावी. खेळ थांबवायचा असेल तर दहा मिनिटे आधी कल्पना द्यावी. ‘शहाणा आहेस’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘आज पायऱ्यांवर हात धरून चाललास’ असे नेमके कौतुक करावे. मूल संतापलेले असताना उपदेश करू नये. आवाज खाली ठेवून प्रथम त्याला सुरक्षित करावे आणि वादळ शमल्यावर बोलावे. याचा अर्थ त्याला जबाबदारीतून सूट द्यावी असा नाही. मोडलेली फिरकी त्याने मोठ्यांच्या मदतीने दुरुस्त करावी, भावाची विचारपूस करावी. मारहाणीने मात्र उलटेच घडते. राग आला की हात उचलायचा असतो, हाच धडा मूल मोठ्यांकडून शिकते.

उपचारात पालकांचे प्रशिक्षण, शाळेचे साहाय्य, समुपदेशन आणि आवश्यकतेनुसार औषधे यांचा समावेश होतो. अगदी लहान वयात पालकांच्या प्रशिक्षणाला प्राधान्य दिले जाते. मिथिलफेनिडेटसारखी औषधे अनेक मुलांना उपयुक्त ठरतात. परंतु ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. वेळेवर निदान होणे महत्त्वाचे आहे. वर्षानुवर्षे केवळ बोलणी खाल्लेले मूल ‘मी वाईटच आहे’ असे मानू लागते आणि किशोरवयात त्यातून निराशा, एकटेपणा किंवा शिक्षण सोडण्याची इच्छा निर्माण होऊ शकते.

प्रगती मात्र हळूहळू होते. एखाद्या दिवशी पतंग कापला जातो, मुलाच्या मुठी आवळल्या जातात आणि फिरकी आपटण्याऐवजी ते आईकडे येऊन म्हणते, ‘मला खूप राग आलाय.’ राग तेवढाच असतो, डोळ्यांत पाणीही असते. तरीही भावनांचे नियमन येथे सुरू झालेले असते आणि घरच्यांनी तो क्षण ओळखून त्याला शाबासकी देणे अगत्याचे असते.