आजी का वाकते?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे जळकोट लागते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव. या गावात काय किंवा मराठवाड्यातल्या इतर गावांत काय, कमरेत वाकलेली, काठी टेकत चालणारी आजी दिसतेच. एखाद्या दिवशी न्हाणीत पाय घसरल्याचे निमित्त होते आणि तिच्या खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, ‘वयच झालं, हाडं ठिसूळ व्हायचीच.’ हे अर्धेच खरे आहे.

हाड म्हणजे प्रथिनांच्या चिवट धाग्यांची जाळी आणि तीत भरलेले कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार. वर्गात एक प्रयोग करा. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. व्हिनेगर मधूनमधून बदला. आठवडाभराने हाड रबरासारखे वाकू लागेल. आम्लात क्षार विरघळले, धागे तेवढे उरले. आजीच्या हाडात मात्र क्षार आणि धागे दोन्ही कमी होतात, म्हणून ते वाकत नाही, मोडते. पाठीचे विरळ झालेले मणके दबून चेपतात, उंची घटते आणि पोक येते. या विकाराचे नाव ऑस्टिओपोरोसिस.

हाड सतत मोडले व बांधले जात असते. काही पेशी जुने हाड पोखरतात, दुसऱ्या नवे भरतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. मासिक पाळी थांबली की ते घटते आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज वेगाने होते. म्हणून हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो.

पाळी अकाली थांबवली गेली तर? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी काढताना’ दोन्ही बीजांडकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते आणि तिशी-पस्तिशीतच झीज सुरू होते. म्हणून अशा शस्त्रक्रियेपूर्वी ‘बीजांडकोश राहणार का?’ हा प्रश्न प्रत्येक स्त्रीने विचारला पाहिजे.

आता शाळेकडे वळू. मुलीच्या हाडांची जवळजवळ नऊ-दशांश पुंजी अठराव्या वर्षापर्यंत साठते. पुढे आयुष्यभर खर्च होतो तो याच पुंजीतून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबल्यावर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपली ज्वारी इतर गुणांनी चांगली. पण चार भाकरींतून शंभर मिलिग्रॅमही कॅल्शियम मिळत नाही. १०० ग्रॅम नाचणीत मात्र साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेहून अधिक आणि तिळात हजाराहून अधिक मिलिग्रॅम असते. तिळातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, तरी भाकरीबरोबर तिळाची चटणी आणि वाटीभर दही ही भर मोलाची. घरात दूध-दही असते तेथे ते मुलाइतकेच मुलीच्या ताटातही पडते का, हे पाहावे. शोषणासाठी ड जीवनसत्त्व हवे. ते उन्हात त्वचेत तयार होते. आणि भार पडल्याशिवाय हाड बळकट होत नाही. मुलींनी दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो भरपूर खेळावे.

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. त्या दिवशी विद्यार्थ्यांना घरातल्या आजीची उंची भिंतीला टेकवून मोजायला सांगा आणि दरवर्षी नोंद ठेवा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीने हाडांची घनता कळते आणि झीज रोखणारी औषधेही आहेत. आजीची मोजणी करणाऱ्या नातीला मात्र सांगा, तुझी पुंजी साठवण्याचे दिवस हेच आहेत.