‘लागलं तर’चं ओझं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रवासाची बॅग भरायला बसलं की आपल्या घरांत दोन शब्द हमखास ऐकू येतात. ‘लागलं तर.’ दुसरा स्वेटर? असू दे, लागलं तर. जास्तीची चादर? असू दे, लागलं तर. आमच्या घरची इस्त्री अशीच एकदा महाबळेश्वरला जाऊन आली, बॅगेबाहेर न पडता. गाडीनं जाताना या सवयीचं फारसं काही बिघडत नाही. पण युरोपातल्या एखाद्या शहरात तीन-चार दिवसांसाठी विमानानं जायचं असेल, तर ही सवय महाग पडते. पैशांत पडतेच, पण मी बोलणार आहे ती दिवसांबद्दल.

मे २०१७ मध्ये आम्ही मँचेस्टरला मुलीकडे होतो. तिला रजा जेमतेम मिळाली आणि तिनं आम्हा दोघांना घेऊन व्हिएन्नाचा बेत ठरवला. शनिवारी दुपारी पोचायचं, मंगळवारी सकाळी परत. आमचे हे चित्रकलेचे शिक्षक. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये थोरल्या पीटर ब्रूगेलची जितकी चित्रं एकत्र आहेत, तितकी जगात दुसरीकडे कुठं नाहीत. त्यातलं ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ सालचं चित्र यांनी वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांना पुस्तकातल्या छपाईवरून समजावलं होतं. ते प्रत्यक्ष पाहायचं, एवढंच यांचं मागणं होतं.

तिकिटावर एक मोठी बॅग फुकट होती. फुकट म्हटल्यावर भरली. मुलगी म्हणत होती, “आई, तीन दिवसांना कशाला गं?” मी म्हटलं, “अगं, नेता येतेय ना!” यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच बॅगेत टाकल्या, नीट राहतील म्हणून. मधे एका विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि हातात पन्नास मिनिटं होती. आम्ही पळत जाऊन दुसरं विमान गाठलं. बॅगेनं गाठलं नाही.

यात नवल काही नाही. आपण पायांनी पळू शकतो; बॅग मात्र पहिल्या विमानाच्या पोटातून काढायची, गाडीवर घालायची, वर्गवारीच्या पट्ट्यावरून न्यायची आणि दुसऱ्या विमानापर्यंत पोचवायची. तेवढ्यात दार बंद होतं. विमानतळांना संगणकीय सेवा पुरवणारी सीटा नावाची संस्था दरवर्षी याचा अहवाल काढते. २०२२ मध्ये हजार प्रवाशांमागे ७.६ बॅगा उशिरा पोचल्या, हरवल्या किंवा मोडल्या. २०२४ मध्ये ६.३. आणि यातला सर्वांत मोठा वाटा विमान बदलतानाच्या घोटाळ्यांचा. म्हणजे बहुतेकांची बॅग येतेच. आमची आली नाही.

शनिवारची संध्याकाळ तक्रारीचा कागद भरण्यात गेली. रविवारी व्हिएन्नातली बहुतेक दुकानं बंद असतात. पाळीनं उघडं असणारं औषधांचं दुकान मुलीनं शोधून काढलं. पण आपल्याकडे गोळी लक्षात राहते ती ब्रँडच्या नावानं, आणि ते नाव तिथल्या बाईंनी कधी ऐकलेलं नव्हतं. आतलं औषध कुठलं, किती मिलिग्रॅम, हे स्ट्रिपवर लिहिलेलं, स्ट्रिप बॅगेत. पुण्याला आमच्या केमिस्टना फोन लावला, तर तिथंही रविवार दुपार. शेवटी एका डॉक्टरांकडे तीन तास बसलो. त्यांनी तपासून गोळी लिहून दिली आणि आज फिरू नका म्हणून सांगितलं. सोमवारी बाहेर पडलो तर म्युझियमला सुट्टी. जून ते ऑगस्ट सोडले तर ते सोमवारी बंद असतं. बॅग सोमवारी रात्री आली आणि मंगळवारी सकाळी, कुलूपही न उघडता, आमच्याबरोबर परत गेली.

अशा वेळी केलेल्या आवश्यक खरेदीच्या पावत्या जपून ठेवायच्या आणि बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी मागणी करायची, असा १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराचा नियम आहे. त्याप्रमाणे आम्हाला कपड्यांचे आणि टूथब्रशचे पैसे मिळालेही. चित्र मात्र राहून गेलं. यांचे गुडघे पुढच्या वर्षी बिघडले आणि २०२० मध्ये हे गेले.

त्यानंतर मी पहिल्यांदा कुठं गेले असेन तर ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुलीबरोबर लिस्बनला, चार रात्रींसाठी. या वेळी विमानात खाली द्यायची बॅग घ्यायचीच नाही, असं मीच सांगितलं. आता ते कसं जमवलं ते सांगते.

सुरुवात मापापासून. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची बॅग साधारण ५५ × ४० × २० सेंटिमीटर असते. कंपनीगणिक एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. पण युरोपातल्या कित्येक स्वस्त विमानकंपन्या एवढी बॅगही फुकट नेऊ देत नाहीत. फुकट फक्त पुढच्या सीटखाली मावणारी छोटी, सुमारे ४० × ३० × २० ची. वरच्या कप्प्यासाठी पैसे वेगळे, आणि ते दारात भरायची वेळ आली तर फार जास्त. म्हणून तिकीट काढताना आपल्याला नक्की काय मिळालंय ते वाचायचं. मापात चाकं आणि मूठही धरतात, हे विसरायचं नाही.

मग वजन. आपल्याकडच्या विमानात बहुधा ७ किलोंची मर्यादा असते. चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे जवळजवळ निम्मं वजन बॅगेचंच झालं. साधी कापडी सॅक किलोभराची असते. मी सॅक घेतली. शिवाय लिस्बनच्या फुटपाथवर चुनखडीच्या दगडांचे छोटे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले असतात, त्यांवर चाकं अडखळतात आणि आवाज इतका होतो की आपल्यालाच लाज वाटावी. घरी वजन करायला ताणकाटा असला तर उत्तम. नसला तर आधी एकट्यानं वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅगेसकट, आणि वजाबाकी करायची. माझ्या वयाच्या मंडळींनी आणखी एक परीक्षा घ्यावी: भरलेली बॅग कुणाच्या मदतीशिवाय कपाटाच्या वर ठेवून पाहावी. नाही जमलं तर विमानातही जमणार नाही, मग ती हलकी तरी करावी किंवा सीटखाली मावेल इतकी छोटी करावी.

बॅग भरताना मी पलंगावर दोन ढीग केले. एक ‘लागणारच’चा, दुसरा ‘लागलं तर’चा. दुसऱ्या ढिगातल्या एकेका वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही लिस्बनमध्ये विकत मिळेल का? छत्री मिळेल, साबण मिळेल, डोकेदुखीची गोळी मिळेल, मोजे मिळतील. आपण जंगलात जात नसतो, शहरात जातो. जे तिथं मिळणार नाही, म्हणजे आपल्या नेहमीच्या गोळ्या, जास्तीचा चष्मा, पासपोर्ट आणि विम्याचे कागद, ते ‘लागणारच’च्या ढिगात आणि तेही अगदी वर. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि आतल्या औषधाचं नाव मी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून पर्समध्येही ठेवलं.

कपडे दिवसांच्या हिशेबानं नाही, धुण्याच्या हिशेबानं घ्यायचे. पाच दिवसांना पाच जोड लागतात हा हिशेब मुळात हॉटेलात नळ नसल्यासारखा आहे. मी अंगावर एक पँट आणि कुर्ता घातला. सॅकेत एक पँट, तीन पातळ कुर्ते, आतले कपडे तीन जोड, एक हलका स्वेटर. सगळ्यांत जड चीज म्हणजे बूट, ते पायात. पावसाचं जॅकेट अंगावर. त्याच्या खिशात काय आहे ते कुणी मोजत नाही! रात्री बेसिनमध्ये कपडे धुवायचे. पिळून झाले की कोरड्या सुती पंच्यावर पसरायचे, पंचा गुंडाळून घट्ट पिळायचा. कपड्यातलं बरंच पाणी पंचा ओढून घेतो. पातळ सिंथेटिक कापड सकाळपर्यंत खडखडीत वाळतं. जाड सुती आणि जीन्स वाळत नाहीत, म्हणून त्या न्यायच्याच नाहीत. टॉवेलऐवजी पंचा नेण्याची युक्ती माझ्या आईची. ती पंढरपूरला जाताना करायची. तिला काय ठाऊक, पुढं तिची लेक ती लिस्बनमध्ये वापरेल.

आता द्रवपदार्थ. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून युरोपात नियम आला: हातातल्या सामानात कुठलाही द्रव १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीत, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ती बाटली, आतला द्रव नाही. दोनशेच्या बाटलीत तळाशी घोटभर शांपू असला तरी ती काढून घेतात. टूथपेस्ट, क्रीम, लोणचं, मध, सगळं द्रवातच धरतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजतं, पण तपासनीसापुढं हा युक्तिवाद करू नये. काही विमानतळांवर आता नवे स्कॅनर बसले आहेत आणि तिथं ही अट सैल झाली आहे. पण जातानाचा विमानतळ नवा आणि येतानाचा जुना असला तर पंचाईत, म्हणून जुनाच नियम धरून चालावं. औषधी द्रव आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सवलत असते. मी तर साबणाची वडी आणि दंतमंजन नेलं, म्हणजे पिशवीत फक्त एक मलम उरलं. खाऊ म्हणून मेतकूट आणि लसणाची कोरडी चटणी. तूप-पेढे नेऊ नयेत. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत.

फोन चार्ज करायची पॉवर बँक उलट हातातच ठेवावी लागते. खाली दिलेल्या सामानात ती चालत नाही, कारण तिनं पेट घेतला तर विमानाच्या पोटात विझवायला कोणी नसतं. मर्यादा १०० वॉट-तासांची. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची असेल तर २० गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. कधी कधी विमान भरलं की दारातच तुमची बॅग घेऊन खाली टाकतात. तेव्हा पॉवर बँक, गोळ्या आणि पासपोर्ट चटकन काढता यावेत म्हणून ते एका छोट्या पिशवीत वेगळे ठेवावेत. हे शहाणपण मला लिस्बनच्या विमानात चढताना मुलीनं दिलं आणि पाचच मिनिटांत उपयोगी पडलं.

लिस्बनला उतरल्यावर पट्ट्यापाशी उभं राहायचं नव्हतं. विमानतळातूनच मेट्रो निघते. आमची खोली आल्फामात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. १७५५ च्या भूकंपातून वाचलेली ही वस्ती. गल्ल्या जुन्या, अरुंद, नि निम्म्या पायऱ्यांच्याच. मी सहासष्टाव्या वर्षी माझं सामान माझ्या पाठीवर घेऊन, दोनदा थांबून, वर गेले. शेवटच्या दिवशी खोली अकराला सोडायची आणि विमान रात्री नऊचं. मोठी बॅग असती तर ती ठेवायला जागा शोधत फिरलो असतो. आम्ही सॅका घेऊन बेलेंला गेलो, जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर पाहिली, सॅका पायाशी ठेवून बाकावर निवांत बसलो आणि तिथूनच विमानतळावर.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. लहान मूल असेल, लग्नाला जायचं असेल, किंवा जानेवारीत हेलसिंकी गाठायचं असेल, तर द्या खुशाल बॅग खाली. फक्त पहिल्या दिवसाचे कपडे आणि सगळी औषधं हातात ठेवा, आणि विमान बदलायचं असेल तर मधे दोन तास तरी राखा.

आता मे महिन्यात आम्ही दोघी पुन्हा व्हिएन्नाला निघालो आहोत. विमान थेट आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी पोचतं. सॅक भरून पाहिली, ५ किलो ८०० ग्रॅम झाली. शनिवारी म्युझियम सकाळी दहाला उघडतं.