गुड फ्रायडे : केवळ सुट्टीचा दिवस नव्हे



शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत दरवर्षी 'गुड फ्रायडे' असतो. नावात 'गुड' आहे म्हणून पुष्कळ मुले त्या दिवशी ख्रिस्ती मित्रांना 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणतात. भावना चांगली असते, परंतु तो दिवस येशू ख्रिस्ताच्या मृत्यूच्या स्मरणाचा, म्हणजे शोकाचा आहे. गोव्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या शेजारी राहत आलो आहोत. त्या दिवसांत तेथे काय चालते, हे आपल्याला ठाऊक असावे.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा झाली की पुढचा रविवार ईस्टरचा. म्हणजे आपल्या सणांप्रमाणे येथेही चंद्राचा हिशेब आहेच. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्यात रविवार मोजत नाहीत. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण करून तो सुरू होतो. ही राख आदल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळून केलेली असते.

शेवटचा आठवडा तो पवित्र आठवडा. त्याची सुरुवात झावळ्यांच्या रविवारी होते. येशू जेरुसलेमला आला तेव्हा लोकांनी फांद्या घेऊन त्याचे स्वागत केले, त्याची ही आठवण.

गुरुवारी संध्याकाळी येशूच्या शेवटच्या भोजनाचे स्मरण असते. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून धर्मगुरू खाली वाकून पॅरिशमधील काही जणांचे पाय धुतात. पूर्वीच्या नियमात येथे फक्त पुरुष असत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात स्थान दिले. या मिस्सेत एकदा घंटा वाजल्या की त्या शनिवारी रात्रीपर्यंत मुक्या राहतात आणि गरज पडेल तेथे लाकडी खटखटा वाजवतात. वेदीवरची वस्त्रेही काढून ठेवतात.

शुक्रवारी मिस्सा होत नाही. दुपारी येशूच्या दुःखभोगाचे वाचन आणि क्रुसाला वंदन होते. प्रौढ, निरोगी माणसे दिवसात एकदाच पोटभर जेवतात व मांस वर्ज्य करतात. गोव्यात अनेक ठिकाणी येशूची मूर्ती क्रुसावरून उतरवून तिची मिरवणूक निघते, सोबत दुःखी मातेची मूर्तीही असते.

शनिवारी रात्री चर्चमधले दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्या ज्योतीवरून सर्वांच्या मेणबत्त्या पेटतात. मग घंटा पुन्हा वाजतात. हा पुनरुत्थानाचा आनंद.

या कथेचे आपल्या भाषेशीही जुने नाते आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत रचले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपली भाषा शिकून तीत एवढे लिहिले, मग आपण शेजाऱ्याचे चार दिवस समजून घेणे काही जड नाही.

शिगमा व पवित्र आठवडा कधी कधी जवळ येतात. २०२४ साली २४ मार्चला होळी पौर्णिमा व २९ मार्चला गुड फ्रायडे होता. शिगमा आपला आहे, त्याचा ढोल वाजलाच पाहिजे. तथापि विश्वस्त मंडळास विनंती आहे की, पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारपर्यंत शाळेच्या पटांगणात ढोलाचा सराव व ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत. गुरुवारी संध्याकाळी शाळेचा कार्यक्रमही ठेवू नये, कारण आपले ख्रिस्ती विद्यार्थी तेव्हा चर्चमध्ये असतात. शाळा आणि चर्च यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

मुलांनो, तुमच्यासाठी गोष्ट सोपी आहे. शुक्रवारी मित्राला शुभेच्छा नकोत, त्याच्या घरासमोर गोंगाट नको. रविवारी मात्र त्याच्या घरी जा आणि मोकळ्या मनाने 'हॅपी ईस्टर' म्हणा.