बाळ 'ऐकत नाही' तेव्हा...

हिवाळा सुरू झाला की परभणीतील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सोनपेठहून आलेल्या आई-वडिलांच्या मांडीवर दीड-दोन वर्षांची बाळे दिसू लागतात. हकिकत बहुधा एकच असते. आधी सर्दी झाली, मग मध्यरात्री बाळ एकाएकी किंचाळत उठले, कान ओढू लागले, ताप चढला. औषधाने बरे वाटले, पण महिन्याभरात पुन्हा तेच. अशा तीन-चार खेपा झाल्यावर डॉक्टर 'एक छोटीशी शस्त्रक्रिया करावी लागेल' असे सुचवतात आणि घर चिंतेत पडते. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी कानाची रचना पाहावयास हवी. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. नाकाच्या मागील भागातून एक बारीक नळी तेथवर जाते. तिचे नाव कंठकर्णनलिका. प्रौढांत ही नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब आणि घशाकडे उतरती असते. बाळांत ती जेमतेम निम्मी आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीचे जंतू सहज वर चढतात आणि आत साठलेला स्राव मात्र खाली उतरत नाही. नळीच्या तोंडाशी असलेली अ‍ॅडेनॉइड ग्रंथी सुजली की उरलीसुरली वाटही बंद होते.

म्हणजेच दोष अंघोळीच्या पाण्याचा किंवा गार वाऱ्याचा नसतो. आजीने बांधलेले कानटोपरे निरुपद्रवी आहे, बांधू द्यावे. लसूण घालून कोमट केलेले तेल मात्र कानात घालू नये. पडदा शाबूत असेल तर ते मध्यकर्णापर्यंत पोहोचतच नाही आणि पडदा फुटलेला असेल तर जेथे जाऊ नये तेथे जाते. बाळाला आडवे ठेवून बाटलीने दूध पाजणे आणि घरातील विडी-सिगारेटचा वा चुलीचा धूर या गोष्टी खरोखरच कानाला बाधतात. न्यूमोकोकल लस २०२१ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तिचे तीनही डोस झाले आहेत ना, हे बाळाच्या कार्डावर पाहून घ्यावे.

आता महत्त्वाची बाब. कानाचे दुखणे दोन प्रकारचे असते आणि पालक बहुधा एकच ओळखतात. ठणका, ताप, प्रसंगी कानातून पू हा झाला तीव्र संसर्ग. तो ओसरल्यावरही पडद्यामागे पाणी साठून राहते. बहुसंख्य मुलांत ते तीन महिन्यांच्या आत आपोआप नाहीसे होते. काहींत ते तसेच राहून डिंकासारखे घट्ट होते. हा दुसरा प्रकार दुखत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. दोन्ही कानांत बोटे घालून घरातले बोलणे ऐकावे, साधारण तसे त्या बाळाला ऐकू येते. हाक मारली तरी ते वळत नाही, दूरचित्रवाणीला चिकटून बसते. आपण म्हणतो, 'हट्टी आहे, मुळीच ऐकत नाही.' ते अक्षरशः खरे असते! शब्द शिकण्याचे हेच वय असल्याने या मुक्या पाण्याची चिंता ठणक्यापेक्षा अधिक करावी, असे आमचे मत आहे.

सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा संसर्ग झाला तर तो 'वारंवार' मानतात. पण एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. अमेरिकेत ६ ते ३५ महिन्यांच्या २५० मुलांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नळी बसवलेल्या व केवळ औषधे दिलेल्या मुलांत दोन वर्षांतील संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. दोन्ही कानांत आज पाणी आहे का? आणि ऐकण्याची तपासणी झाली का? पडद्यामागील पाणी ओळखणारी टिंपॅनोमेट्री ही चाचणी काही मिनिटांत, न दुखवता होते. तीन महिने पाणी टिकले आणि ऐकणेही कमी झाले असेल, तर शस्त्रक्रियेस ठोस कारण मिळते.

शस्त्रक्रिया खरोखरच लहान आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून काढतात आणि त्या छेदात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. डॉ. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये प्लास्टिकच्या नळीचा हा उपाय मांडला. दहा-पंधरा मिनिटांचे काम. बाळ बहुधा त्याच दिवशी घरी जाते. नळी सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते. क्वचित पडद्याला छिद्र राहते, हेही आधी माहीत असावे.

खरी कसोटी असते ती उपाशी ठेवण्याची. भूल दिल्यावर पोटातील अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून सर्वसाधारणपणे अन्न व वरचे दूध सहा तास, अंगावरचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचा. पहाटेच्या एसटीने निघालेले बाळ भुकेने रडते, कोणाचे तरी मन द्रवते आणि बिस्किटाचा पुडा फुटतो. मग शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. ते बिस्कीट लपवले तर धोका फारच मोठा. त्यापेक्षा आदल्या रात्रीच परभणीत नातलगांकडे मुक्काम करावा, सकाळचा पहिला क्रमांक मागून घ्यावा आणि रात्री ठरल्या वेळी बाळाला उठवून दूध पाजावे.

आधीच्या दिवसांत ताप, खोकला वा छातीत घरघर झाली तर लगेच कळवावे. घरात कोणाला रक्त लवकर न थांबण्याचा किंवा भुलीचा त्रास झाला असल्यास तेही सांगावे. बाळाची आवडती गोधडी बरोबर न्यावी. 'फिरायला जाऊ' अशी थाप मात्र मारू नये. 'डॉक्टरकाका कान बघणार, आई जवळच असणार' एवढे पुरे.

भुलीतून बाहेर येताना काही बाळे अर्धा-पाऊण तास अनावर रडतात. हे दुखण्याचे लक्षण असेलच असे नाही. एक-दोन दिवस कानातून किंचित रक्तमिश्रित पाणी येऊ शकते. रोजच्या अंघोळीला हरकत नाही, पण साबणाचे पाणी कानात जाऊ देऊ नये आणि नळी असेपर्यंत गोदावरीत किंवा विहिरीत बुडी नको. पुढे कान वाहू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी बहुधा थेंबांचे औषध पुरते. घरी आल्यावर कुकरच्या शिट्टीला बाळ दचकले तर घाबरू नये. ती शिट्टी त्याला कित्येक महिन्यांनी स्पष्ट ऐकू आलेली असते.